थोरलीच्या कपाटाचं कुलूप

अगं,

तू ड्यूटीवरून येईपर्यंत थांबणार होतो, पण धीर निघाला नाही. थोरलीच्या कपाटाचं कुलूप आज सकाळी उघडलं.

महिनाभर मी सरावाच्या कुलपाशी झटत होतो, तेव्हा तू विचारलंस, "म्हातारपणी चोऱ्या करायच्यात का?" मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर ती माझ्याशी भांडून किल्ली घेऊन गेली, तेव्हापासून ते कपाट डोळ्यांत खुपत होतं. तोडायला हात धजला नाही, म्हणून शिकलो. एका तारेने कुलपाला हलका ताण द्यायचा, दुसरीने आतली एकेक पिन चाचपत वर उचलायची. घाई केली की सगळ्या पुन्हा खाली पडतात. पोरीशी मी कायम घाईच केली.

आत तिचा निळा स्वेटर आहे. त्याला अजून तिचाच वास येतो. तुझ्यासाठी तो तिथेच ठेवलाय.

मी अकराच्या बसने तिच्याकडे निघालोय. आधी कळवलं तर नको म्हणेल. दारात उभं राहून "माझं चुकलं" एवढंच म्हणणार आहे. तिने दार उघडलं की तुला फोन करतो. नाही उघडलं तरी करतो.

जेवण झाकून ठेवलंय, जेवून घे.