डॉलरचा झोका

४ जुलै, सकाळी
आजपासून रोजनिशी. माणसाचा निदान स्वतःशी तरी व्यवहार स्वच्छ असावा.
कॉलेज सुटलं. म्हणजे झालं असं की प्रॅक्टिकलला सर म्हणाले, बाहेर हो. मी झालो. पुन्हा आत ये असं कुणी म्हणालं नाही आणि मी विचारायला जाणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. घरी अजून बोललो नाही, कारण आईचं बी.पी. ताईशी तर नाहीच. ती परदेशात वृद्धाश्रमात नर्स आहे आणि माझी फी तीच भरते. या आठवड्यात तिला नक्की सांगणार.

४ जुलै, दुपारी
ताईचाच फोन. म्हणाली, पाठवलेले पैसे दर वेळी बदलण्यात फुकट जातात. तू आपल्या दोघांच्या नावाने डॉलरचं खातं उघड, पहिलं नाव माझं. डॉलर डॉलरच राहू देत, फीपुरते बदलून घे. मी म्हणणार होतो की ताई, फीचं आता जरा वेगळं आहे. पण तिची कामाची पाळी सुरू होत होती. कामावरच्या माणसाला छळू नये.

७ जुलै
बँकेत गेलो. परकीय चलन विभाग वरच्या मजल्यावर. काचेमागे ती. वही कुणाच्या हाती लागलीच तर म्हणून इथून पुढे तिला 'प.च.' म्हणेन. प.च.ने विचारलं, खातं कशासाठी? मी म्हणालो, शिक्षणासाठी. निघून गेलं तोंडातून. ती म्हणाली, अरे वा. माझ्या शिक्षणाला आजवर कुणी अरे वा म्हटलेलं नाही. शिकत असल्याचा कॉलेजचा दाखला नंतर दिला तरी चालेल म्हणाली. केवढा विश्वास.

१५ जुलै
खातं सुरू. ताईचे डॉलर आले. आता अडचण अशी की आलेल्या डॉलरला काहीच करायचं नसतं, त्यामुळे मलाही बँकेत काही काम नाही. विचार करून थोडे डॉलर बदलून रुपये घेतले. प.च.ने स्क्रीनवर दर बघितला, शिक्का मारला, माझी सही जुन्या सहीशी ताडून पाहिली. माझी सही इतकं निरखून कुणी पाहिली नव्हती.

१८ जुलै
ताईचे पैसे खिशात चटके देत होते. पाप नको. नेऊन परत डॉलर केले. खर्च शून्य. थोडे कमी भरले, पण चिल्लर. प.च. म्हणाली, परवाच तर बदलले होते ना? मी म्हटलं, बाजाराचा अंदाज घेतोय. तिने भुवया उंचावून शिक्का मारला. छाप पडली असावी.

२ ऑगस्ट
प.च.ने कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीने समजावून सांगितलं. बँक डॉलर घेते त्या दराने देत नाही, शिवाय प्रत्येक खेपेला शुल्क. म्हणजे तुमचं जाताना पण जातं आणि येताना पण. ती बोलत असताना मी तिच्या पेन्सिलीकडे बघत होतो, त्यामुळे एवढंच कळलं. कपटा पाकिटात जपून ठेवलाय.

३ ऑगस्ट
कपटा पुन्हा वाचला. भूक गेली. आता बदलाबदली बंद.

५ ऑगस्ट
बंद केल्याचं सांगायला बँकेत गेलो. नुसतं कसं सांगायचं, म्हणून थोडे बदलले.

१९ ऑगस्ट
सकाळी दप्तर घेऊन निघतो, आई दारापर्यंत डबा घेऊन मागे येते. डबा बँकेच्या बाकावर खातो. आज तिने विचारलं, कॉलेजात भाजी पुरते ना? पुरते म्हणालो. यात खोटं काही नाही, भाजी पुरतेच. तरी आज डबा अर्धाच खाल्ला.
चहा वाटणारा शिपाई प.च.ला म्हणाला, आला बघा झोका. स्टाफने मला नाव ठेवलंय. आपुलकीशिवाय कोण ठेवतं?

१ सप्टेंबर
ताईचा फोन. खात्यात इतके कमी कसे, असं विचारलं नाही. स्वतःच म्हणाली की यंदा प्रॅक्टिकलचा खर्च जास्त असणार, म्हणून तिने रविवारचीही पाळी घेतलीय. मी म्हणालो, हो, प्रॅक्टिकल महागच असतं. फोन ठेवल्यावर भिंतीवर बुक्की मारली. हात सुजला. उद्या ताईला सगळं सांगणार. सही करता आली नाही तर बँकेत तरी काय करणार?

६ सप्टेंबर
सूज उतरली. सही जमते.

२६ सप्टेंबर, दुपारी
झालं ते लिहितो. प.च.ने पुन्हा दाखला मागितला. हळू आवाजात म्हणाली, नाहीतर खातं शिक्षणाच्या नावावर ठेवता येणार नाही. मी उद्या म्हणालो. तेवढ्यात मागून मॅनेजर म्हणाले, कॉलेजात जात असाल तर दाखला आणायला काय होतं? अगदी त्या प्रॅक्टिकलच्या सरांचा सूर. डोकं फिरलं. काचेवर हात आपटून ओरडलो, नाही जात मी कॉलेजात, जूनपासून नाही जात. शिपायाच्या हातातला चहा हिंदकळला.
प.च.ने पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, "मग पहिल्या खातेदारांना कळवावं लागेल. तुमच्या ताईंना." आणि मग, "मी उद्या सकाळी कळवते. आज तुम्हीच सांगा ना."
माझ्यासाठी ती एक दिवस थांबली. प्रेमच म्हणायचं. की कीव?

२६ सप्टेंबर, संध्याकाळी
फोन लावला, कापला. ती जेवत असेल. लावला, कापला. ती झोपली असेल. तिसऱ्यांदा तिनेच केला. म्हणाली, काय रे, सारखा वाजून बंद होतोय.
एका दमात सांगितलं. सर, दप्तर, डबा, काच, पेन्सिल, डॉलर पुढे आणि डॉलर मागे. पलीकडे कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत होतं, चाक कुरकुरत होतं. शिव्यांची तयारी ठेवली होती, उत्तरंही.
शेवटी म्हणाली, "म्हणजे या वर्षी फी भरायची नाही?"
नाही म्हणालो.
"मग रविवारची पाळी सोडू का रे? पाय फार दुखतात."
सोड म्हणालो.
म्हणजे तिला रविवार मिळवून दिला तो मीच, असं लिहिणार होतो. लिहवत नाही.