आतड्यात टॉन्सिल

तीर्थरूप काकांस,

पुतणीचा लांबूनच साष्टांग नमस्कार (जवळ यायची अजून हिंमत नाही). टाके कसे आहेत? जेवण जातंय ना? हे पत्र तुम्ही बसून वाचा. मी मात्र उभ्यानेच लिहिते आहे, कारण धक्क्याने माझा खुर्चीवरसुद्धा विश्वास राहिलेला नाही.

तुमच्या आतड्यातली गाठ तपासायला आमच्याच प्रयोगशाळेत आली आणि तिची काच नेमकी माझ्या टेबलावर. (घरच्या माणसाची काच दुसऱ्याकडे सरकवायची असा आमच्याकडे नियम आहे. मी सरकवली नाही. माया, दुसरं काय!) काम तसं सोपं. गाठीचा अगदी पातळ काप काचेवर चिकटवून रंगवायचा. ज्या पेशी वाढीला लागल्यात त्या तपकिरी होतात, स्वस्थ बसलेल्या निळ्या राहतात. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून शंभरात तपकिरी किती ते मोजायचं, म्हणजे गाठ किती घाईत आहे ते कळतं. मी डोळा लावला आणि पायाखालची जमीनच सरकली. जिकडे बघावं तिकडे तपकिरी! निळी पेशी औषधालासुद्धा सापडेना.

मी तशीच काकूला फोन लावला आणि हुंदके देत सांगितलं, की गाठ भयंकर वेगाने वाढणारी आहे. काकू रडायला लागली, तेव्हा तुम्ही तिच्या हातून फोन घेतलात, सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "मग कशाला सोमवारपासून त्या केमोच्या औषधासाठी सुया टोचून घ्यायच्या? राहू दे." तेवढ्यावर न थांबता, ज्या शेजाऱ्याशी तुमचा अबोला होता त्यालाच तुम्ही कॅरम बोर्डही देऊन टाकलात.

इकडे आमच्या डॉक्टरीणबाई (आम्ही आपसात त्यांना 'भिंग' म्हणतो) माझा आकडा तपासायला बसल्या. मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाल्या, "काय गं, आतड्यात टॉन्सिल कधीपासून यायला लागले?"

काका, त्याचं असं आहे. रंग नीट चढला की नाही हे कळावं म्हणून आमच्याकडे काचेच्या एका टोकाला टॉन्सिलचाही तुकडा लावतात, कारण तिथल्या पेशींना वाढण्यावाचून दुसरा उद्योगच नसतो. (मी परवापरवापर्यंत रक्त तपासायच्या टेबलावर होते, तिथे ही भानगड नव्हती.) मी काच उलट्या टोकाने ठेवली आणि कुणा परक्याचा घसा मोजत बसले! तो माणूस एव्हाना आइस्क्रीम खात मजेत हिंडत असेल. तुमची गाठ होती दुसऱ्या टोकाला. ती बाईंनी स्वतः मोजली. वेग मधला आहे, आतड्याच्या गाठींत नेहमी दिसतो तसा. हे ऐकून मी बाईंच्याच खांद्यावर रडले आणि त्यांचा पांढरा कोट खराब केला.

तुमची,
कान धरून उभी असलेली पुतणी

ता. क. कॅरम गेला तर जाऊ दे, औषध मात्र सोडू नका. बाई म्हणतात, गाठ खरंच तेवढी घाईत असती तरी औषध सोडायचं कारण नव्हतं. हे औषध वाढीला लागलेल्या पेशींनाच धरतं. सोमवारी जाच, हात जोडते.

आणखी एक. तुम्ही विचाराल, एवढी गोष्ट फोनवर का नाही सांगितली? फोन केला होता, काकूने उचलला. आधी आनंदाने रडली, मग हळूच म्हणाली, "इतक्यात सांगू नकोस गं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा स्वतः चहा करून आणतायत, माझ्याजवळ बसून बोलतायत." म्हणून टपालाने कळवते आहे (सोमवारच्या आत पोचेल, याची खात्री करून घेतली आहे). पत्र वाचल्यावरही चहा बंद करू नका. साखर फार पडते म्हणाली. पण तेही तुम्हाला सांगू नकोस म्हणाली.