दार उघडतानाचं वाक्य

गुर्जी, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. टायपिंग पण हळू हाय, एकेक अक्षर शोधावं लागतं. महाडात मामाच्या टायपिंग क्लासात मी झाडलोट करते, दुपारी मराठीचं मशीन मोकळं असतं.

तुम्ही ट्रेनिंग घेऊन आलात आणि नववीत इंग्रजीच्या तासाला मराठी बंद केलीत. आधीच्या गुर्जींकडं भाषांतर असायचं, वहीत लिहायचं, त्यात माझा पहिला नंबर. तुम्ही म्हणालात, भाषा म्हणजे सवय, लेकरू आईचं ऐकून बोलतं, पुस्तक वाचून नाही. मग जे करायचं ते बोलत करायचं. दार उघडायचं आणि म्हणायचं, आय ॲम ओपनिंग द डोअर. पोरं हसत हसत म्हणायची. माझी पाळी आली की मी नुसतंच दार उघडायची. तुम्ही रागावला नाय, घरी सराव कर म्हणालात.

मी गोठ्यात करायची. म्हशीचं दावं सोडताना, शेण भरताना, मोठ्यानं. आईनं ऐकलं. माणसांत तोंड न उघडणारी पोर एकटीच भलतं बडबडते, म्हणजे बाहेरचं लागलं. तिनं भगताचा अंगारा लावला आणि शाळा बंद केली.

तुम्ही आमच्या नाते गावापर्यंत चालत आलात. ओटीवर बसून आईला समजावलंत, पोरीला मराठी काय व्याकरणानं शिकवलीत? बोलूनच ना?

"बोलूनच शिकवली, गुर्जी," आई म्हणाली. "मग ती मराठी तरी कुठं बोलते?"

तुम्ही चहाची बशी खाली ठेवता, माझ्याकडं बघता. "पोरी, एकदा दार उघड आणि म्हण. आईला कळू दे हा धडा आहे."

आई पण म्हणते, "म्हण गो. म्हणलीस तर उद्या जा शाळंत."

मी कडी काढते. दार उघडते. दोघं बघतायत. मी दार परत लावते.

तुम्ही चपला घातल्यात. तिला नुसतं ऐकायला तरी पाठवा, एवढंच आईला म्हणालात. आईनं नाय पाठवलं. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही तापानं गेलात.

मामा म्हणतो, चार शब्द बोलत असतीस तर पुढच्या टेबलावर बसवली असती. आता नाय होणार ते. इथं पण माझ्या हातात केरसुणीच हाय.

हा कागद मी चुलीत घालीन. एक सांगते. मला तेव्हा ते वाक्य येत होतं. दार लावतानाचं पण येत होतं, तुम्ही अजून शिकवलं नव्हतंत तरी. दोन्ही मी मनात म्हणले होते.

आईचा सांगावा आलाय, म्हैस व्यायली. पारडी हाय.