यादीत नसलेला धंदा

४ मार्च

चि. धाकटीस थकल्या हाताचे, पण पुरते आशीर्वाद. वि. वि.

छापखाना बंद झाला, सव्वीस वर्षांचे मुद्रितशोधन आटोपले, हे तुला फोनवर कळलेच. काल रोजगार कचेरीत नाव नोंदवले. खिडकीवरच्या बाईंनी धंदा विचारला. मुद्रितशोधक, म्हटले. तसले काही यादीत नाही काका, नुसते ‘शोधक’ आहे, ते दाबू का, म्हणाल्या. मागून रांग ढकलत होती, दाबा म्हटले. तत्पुरुषाचे ‘मुद्रित’ हे पूर्वपद गेले आणि आज एका गोदामातून बोलावणे आले: हरवलेली खोकी शोधायची. कोणाला कुठले काम का मिळते, यावरच तुमची संस्था संशोधन करते ना? तुझ्या वहिनीचे म्हणणे, खोकी तर खोकी. तू काय म्हणतेस?

लोभ आहेच, त्यात ऱ्हस्वदीर्घ पाहू नये.

दादा

९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

ती यादी माझीच रे. तीनशे बारा धंदे गोळा केले, आणि माझा प्रबंध ज्याने तीनदा तपासला त्याचाच विसरले. हसू नकोस. नात्यातल्या माणसाच्या नोंदीला हात लावायचा नाही, हा नियमही मीच लिहिलेला. खिडकीवर जाऊन तूच शब्द दुरुस्त करून घे. पण खरे सांगते, वर्षभरात एकाही छापखान्याने मुद्रितशोधक मागितलेला नाही. बरोबर शब्दाने घरी बसशील. चुकीच्या शब्दाने पगार मिळेल, पहिल्यापेक्षा तिसरा हिस्सा कमी. आमच्या अभ्यासात मात्र तू झटपट काम मिळालेला माणूस ठरशील, आणि साहेब खूश होतील. मला काही सुचत नाही.

लोभ असू दे, रागासकट.

धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद. वि. वि.

रागावलो नाही, त्यालाही दम लागतो. दुरुस्तीसाठीच गेलो होतो. माझ्यापुढे शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या, अकरा महिने अगदी बरोबर शब्दाने नोंदलेल्या. पुढच्या महिन्यात या, एवढे ऐकून त्या गेल्या. माझी पाळी आली तेव्हा मी दुरुस्तीचे बोललोच नाही, गोदामाची चिठ्ठी पुढे केली. खिडकीवरच्या बाईंनी छापील फॉर्म दिला: मला योग्य काम मिळाले आहे. खाली सही. हात सवयीने चालला. ‘योग्य’वर काट मारली, समासात वगळण्याची खूण केली आणि सही ठोकली. काका, खाडाखोड मशीन घेत नाही, म्हणत त्यांनी दुसरा कागद दिला. त्यावर मी काही खोडले नाही.

तो तुझ्या तक्त्यात येईल. पहिला सोबत पाठवतो आहे. कुठल्या रकान्यात बसत असेल तर बघ.

लोभ आहे तेवढा राहू दे.

दादा