साहेबांवरचं भाषण

३ जानेवारी, रोहा
नानांचे साहेब गेले. टीव्हीवर पाच मिनिटं दाखवलं. एक म्हणाला महागाईला वेसण घातली, दुसरा म्हणाला धंदे मारले. साहेब देशाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर; नाना, माझे सासरे, तिथे कायम त्यांच्या हाताखाली. पेणच्या वाचनालयात शोकसभा आहे, नानांनी बोलायचं. पण त्यांना आता दिसत नाही, म्हणून भाषण मी लिहायचं आणि मीच वाचायचं. "तुझे उच्चार स्वच्छ आहेत." लग्नानंतर मिळालेली ही पहिली शाबासकी.

५ जाने.
सकाळची शाळा आटोपून दोन पानं. नाना सांगतात, मी लिहिते. "साहेबांनी व्याजदर चढवले तेव्हा काही दुबळे उद्योग बंद पडले. ते पडायलाच हवे होते."
लिहिलं. प्रकाश, माझा नवरा, तिथेच बूट घालत होता, दुसऱ्या शिफ्टसाठी. त्याचं धाटावचं प्लॅस्टिक पिपांचं युनिट तेव्हाच गेलं. कर्ज काढून दुसरं मशीन घेतलं, लगेच हप्ता वाढत गेला, गिऱ्हाइकं आटली, शेवटी बँकेचं सील. आता दुसऱ्याच्या कंपनीत ऑपरेटर. बस रोज त्याच्या जुन्या शेडवरून जाते.
मला म्हणाला, "दुबळेतला दु ऱ्हस्व ना? नीट बघ." आणि गेला.

८ जाने.
आईचा पेणहून फोन. साहेबांचं नाव तिनेच काढलं. त्यांनी भाव आवरले म्हणून बाबांच्या मागे पेन्शनवर निभलं, म्हणाली. खरंय. नाकारता येत नाही, तेच तर अवघड.

९ जाने.
नाना आज रंगात. "लिही. साहेबांचा सर्वांत मोठा गुण गुप्तता. दर चढवत न्यायचे हे आम्हां चौघांना दोन महिने आधी माहीत होतं. मी घरातसुद्धा अवाक्षर काढलं नाही."
पेन थांबलं. मशीनच्या कर्जावर सही करण्याआधी प्रकाश मुंबईला नानांना विचारायला गेला होता. मी सोबत होते. नाना पेपरातून मान वर न करता म्हणाले होते, "तुझं तू बघ."
"नाना, नुसतं थांब म्हणायचं होतं."
"थांब म्हणजे सांगितल्यासारखंच. गुन्हा आहे तो."
"पोटच्या मुलाला..."
"मुलाला तर नाहीच नाही."
मग नानाच म्हणाले, "ते दोन महिन्यांचं वाक्य खोड. प्रकाश येणार आहे सभेला."
"खोडलं," म्हटलं. त्यांना कुठे दिसतंय.

११ जाने., पेण
वीसेक माणसं. प्रकाश सुट्टी टाकून आलेला, मागच्या रांगेत. शेजारी बाळाराम, कोलाडचा. प्रकाशच्या युनिटमध्ये कामाला होता, आता हायवेवरच्या हॉटेलात वाढपी.
वाचलं. दुबळ्या उद्योगांचं वाचलं. मग ते वाक्य. सावकाश, वर्गात शुद्धलेखन घालते तसं. नानांनी माझा पदर ओढला. मी पुढे वाचत राहिले. टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, अशी निष्ठा आता कुठे बघायला मिळते!
बाहेर बाळाराम: "वैनी, म्हंजे नानांना आधीच ठावं व्हतं? आनि आमच्या शेटला सांगितलं नाय?"
प्रकाश म्हणाला, "बाळाराम, चहा घे."
परतताना स्टेशनपर्यंत रिक्षात तिघं. मला बरं वाटत होतं. छान वाटत होतं. आज लिहून ठेवते, उद्या कबूल करणार नाही.

१२ जाने., रोहा
प्रकाश सकाळी नानांची दाढी करायला बसला, रोजच्यासारखा. नानांनी हनुवटी वर केली.
"साहेबांचं चुकलं, असं वाटतं तुला?"
"साहेबांना मी कुठे ओळखत होतो? हलू नका, लागेल."
एक गाल झाला. मग नाना म्हणाले, "ते वाक्य मी खोडायला सांगितलं होतं. तू येणार म्हणून. विचार हिला."
प्रकाशचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं. मी पोळ्या लाटत होते, लाटत राहिले. त्याने दुसरा गाल पूर्ण केला, वस्तरा धुतला, टॉवेल वाळत घातला.
त्याने अजून मला विचारलेलं नाही. डबा इथेच ठेवून शिफ्टला गेलाय.