प्लगमधली झेंडूची पाकळी

दसऱ्यानंतरचा रविवार, संध्याकाळ

गाडी विकायची नाही! उद्या ती बघायला मोहन्याहून येणाऱ्या गिऱ्हाइकाला आत्ताच फोन करून सांगितलं.

दसऱ्यापासून नुसती थरथरत होती. सिग्नलला थंडी वाजल्यासारखी, आणि पुलाच्या चढावर तर दमच नाही. मला वाटलं, सतरा वर्षांची झाली, संपलंच आता. बाबांच्या मागे त्यांची गाडीही माझ्याच हातून जाणार म्हणून रडूनसुद्धा झालं.

आज खोपटला पाटीलमेस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिनाचा एकेक स्पार्क प्लग बघितला. तिसरा बसतो त्या खड्ड्यात पाणी साचलेलं, आणि त्यात चक्क झेंडूची पाकळी!

"ताई, इंजिनावर पाईप मारलेलात का?"

मारलेला ना! पूजेसाठी बॉनेट उघडून इंजिन लख्ख धुतलं, वर फुलंही तिथेच वाहिली. बाबा दर दसऱ्याला आत फक्त कोरडं फडकं फिरवायचे आणि मी त्यांना आळशी म्हणायचे. म्हणजे आळशी नव्हतेच की काय?

पाणी काढलं, प्लग सुकवला, गाडी परत शहाण्यासारखी चालायला लागली. पाकळी मी रुमालात बांधून घरी आणली. बाबांच्या फोटोपुढे ठेवली आणि कान पकडले.