गाठीखालचा गुलाब

१२ नोव्हें. १९५९, राजाजीनगर, बंगळूर
…फूल वि.च्या फोटोपुढं ठेवून वळलो तर शेजारच्या सुंदराक्का दारात. हातात उप्पिटाची वाटी.
"हे विमलच्या गुलाबाचं, अण्णा?"
"हो."
"तिचा काळपट लाल होता."
म्हटलं, माझ्या हातून रंग उतरला. त्यांनी वाटी ठेवली आणि जाता जाता झाड बघितलं.
वि. जाऊन पाच महिने. रोज दोन तांबे पाणी, रविवारी शेणखत. झाड माझ्या डोक्यावर गेलं. फुलं मात्र फिकट, बारीक, घोसानं.

१५ नोव्हें., रवि.
अक्कांनी त्यांचा माळी पाठवला, मुनियप्पा. बोलणं कन्नडात. उकिडवा बसून त्यानं बुडाची माती उकरली. खोडाला कलमाची गाठ होती. गाठीवर बाईंचा गुलाब बांधलेला, खाली रानगुलाब. खालून फुटलं ते सगळं रानाचं.
"बाईंच्या गुलाबाला पानं पाच-पाच. ह्याला सात. ऑफिसात काय काम करता, स्वामी?"
"ड्रॉइंगं तपासतो."
"मग पानं कुणी तपासायची?"
जूनमध्ये गाठीवरच्या फांद्या वाळक्या म्हणून मीच छाटल्या होत्या. एक काडी राहिली आहे. पेन्सिलीहून बारीक. फुटव्याचे डोळे तीन.

१६ नोव्हें.
म्हणजे पाच महिने तिच्यापुढं जी फुलं ठेवली ती

२२ नोव्हें., रवि.
मु.नं काडी कापून घेतली. एक डोळा सुरीखाली फाटला, एक आतून मेलेला. उरलेला एक, रानाच्या जोमदार फांदीची साल उचलून आत सरकवला आणि केळीच्या सोपटानं बांधला. तिच्या गुलाबाचं आता तेवढंच.
"वीस दिवस हात लावायचा नाही. रडायचं तर लांब बसून."
हसलो. मग बरं वाटलं नाही.
कुंपणापलीकडून अक्का : "जगला तर एक काडी मला. विमल देणार होती."
हे मला ठाऊक नव्हतं.

१ डिसें.
हात लावला नाही.

१३ डिसें., रवि.
सोपट सोडलं. डोळा हिरवा.
"धरलाय. पण झोपलाय," मु. म्हणाला. वरची फांदी कापल्याशिवाय उठायचा नाही. रस सगळा वर जातो. बाकीचं रानही काढायचं.
फांदीवर कळ्या आहेत.
"कापली की फुटेल?"
"स्वल्प थांबून बघायचं. फुटेल, नाहीतर नाही."
नाही फुटला तर अंगणात खुंट उरेल. फांदी रानाची, पण ती मी वाढवली. वि. गेल्यावर वाढवलं असं दुसरं काही नाही. म्हटलं, उद्या.
"उद्या मी नाही, स्वामी. कात्री ठेवून जातो."

१४ डिसें., सोम.
सकाळी सहाला फांदी कापली, डोळ्याच्या चार बोटं वर, कळ्यांसकट. बाकीचं रान बुडातून काढलं. कापल्या जागी शेण लावलं, एक तांब्या पाणी घातलं. आठच्या बसनं कामावर गेलो.